पाय शेकत जा

१२ फेब्रुवारी १९६५, पौड

शुक्रवार. बहिरूच्या पायांचे ड्रेसिंग. डाव्या पायाची जखम पुन्हा ओली. नेहमीप्रमाणे टाचणी लावून विचारले – लागते का? "न्हाई." दर शुक्रवारी हेच. दोन्ही पायांची बर्फात गोठलेली बोटे लष्करी इस्पितळात काढलेली. उरलेल्या भागात संवेदना नाही, अशी नोंद मी केली आहे. चीनच्या लढाईतून आल्यापासून त्याविषयी तो एक शब्द बोललेला नाही.

हैबतराव – त्याचे वडील, माझे घरमालक – त्याच्याशी बोलत नाहीत. "त्याला म्हनावं, ताट वाढलंय," हे सगुणाबाईंना, त्याच्या आईला. तो समोरच बसलेला असतो! गोळी लागली नाही, मग बोटे कुठे गेली? पळताना बूट टाकले असतील, असे गावातला गेणबा पारावर हसत म्हणाला होता. तेव्हापासून हैबतराव पाराकडे फिरकत नाहीत.

मी दवाखान्यातली नर्स, इथे भाडेकरू. पट्टी बांधावी आणि खोलीत यावे.

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी अंगणात शेकोटी. सगुणाबाईंनी मला हाताला धरून वारा न लागणाऱ्या बाजूला बसवले. स्वतः धुरात बसल्या. नको म्हटले तर ऐकत नाहीत.

बहिरू आत. सगुणाबाई सांगत होत्या – पलटणीत निघाला तेव्हा एस.टी.च्या खिडकीशी त्याच्या बापाने एकच गोष्ट सांगितली, गारठा लागला की पाय शेकत जा. आणि आता शेकोटी पेटली की उठून जातो. हैबतराव काटक्या मोडत राहिले.

उद्या पुण्याला. लढाईचा सिनेमा लागला आहे. हैबतराव मलाही चला म्हणाले. "खरं शिपाई कसं असत्यात ते बघू दे त्याला," हे पुन्हा सगुणाबाईंना. त्याला ऐकू जाईल असे.

१५ फेब्रुवारी

काल लिहिले नाही. जमले नाही.

तीनचा खेळ. घरी हे बापलेक एका ओळीत बसत नाहीत, पण तिकिटाच्या नंबराप्रमाणे शेजारी बसावे लागले. मग सगुणाबाई, मग मी. सुरुवातीला शिट्ट्या, शेंगांची टरफले. मग तोफा सुरू झाल्या. आवाज कानात नाही, खुर्चीच्या लाकडातून पाठीत येत होता. थिएटरात कुणी खोकलेसुद्धा नाही. पंखे उकाड्यापुढे हरलेले, तरी सगुणाबाईंनी पदर गच्च लपेटून घेतला – पडद्यावर बर्फ पडत होता! त्यांनी माझे मनगट धरले. मी सोडवले नाही.

मी चुका शोधत होते. पट्टी उलटी गुंडाळली होती, मोडलेल्या हाताला आधार नव्हता. तेवढ्याने बरे वाटत होते. मग जवान चौकीत परतले. खोक्याच्या फळ्या पेटवल्या. एकाने बूट काढून पाय आगीपुढे धरले आणि हसला.

बहिरू उठून उभा राहिला.

"शेकू नगं! आरं शेकू नगं, पाय जात्याल!"

मागून ओरडा झाला, खाली बसा. कुणी हसले. तो उभाच. हैबतरावांनी त्याचा दंड धरून त्याला बसवले. दंड सोडला मात्र नाही. पुढचा सिनेमा त्यांनी पाहिला नाही, त्याच्याकडे पाहत बसले.

परतीच्या गाडीत बापलेक आमच्या पुढच्या बाकावर. हैबतरावांनी वळून मला विचारले, "बाई, शेकल्यानं जात्यात व्हय?"

मी सांगितले. गोठलेल्या पायाला धग कळत नाही. पाय भाजला तरी माणसाला पत्ता नसतो. कोमट पाणी घ्यावे, आधी त्यात आपले कोपर बुडवून पाहावे. इस्पितळात सिस्टरांनी शिकवले तेच शब्द.

"मीच सांगितलं व्हतं त्याला."

धीर द्यावा असे वाटले. पण खरे तेवढेच बोलले – बोटे शेकण्याआधीच गेली असतील, नसतीलही. आता कुणालाच सांगता येणार नाही.

बहिरूने मान न वळवता म्हटले, "म्हनून तर बोललो न्हाई, आबा. तुमास्नी लागलं असतं. गाव मला बोलतंय तर बोलू दे."

पौड येईपर्यंत सगुणाबाई माझ्या खांद्यावर डोके टेकून होत्या. त्या सिनेमाचे उपकार मानते, चुकलेल्या पट्ट्यांसकट. आणि मला बरोबर नेले, याचेही. नेले नसते तरी चालले असते.

२६ फेब्रुवारी

ड्रेसिंग. जखम कोरडी होत आहे. टाचणी – "न्हाई."

हैबतराव पारावर गेले आणि गेणबाला चारचौघांत म्हणाले, पोरगं पळालं न्हाई, माझ्या सांगण्यानं त्याची बोटं गेली. गेणबा तंबाखू मळत राहिला म्हणे, तोंडात टाकायची विसरला.

अंगणात मात्र शेकोटी नाही. बापलेक आता बोलतात – बैलाविषयी, पेंढ्याविषयी. हैबतराव त्याच्या पायांकडे पाहत नाहीत. जेवताना आमटी अजूनही आधी मलाच वाढायला सांगतात. माझ्या उत्तराने त्यांची झोप गेली आहे, आणि तरी!

१७ मार्च

होळी. ती पेटवण्याचा मान या घराचा. हैबतराव म्हणाले, यंदा दुसऱ्या कुणाला द्या, माझ्या हातानं नको. बहिरू काठी टेकत आला. त्याने गवताची चूड पेटवली आणि वडिलांच्या हातात दिली.

१८ मार्च

होळीच्या निखाऱ्यांवर पाणी तापवून ते सकाळी लहान मुलांना घालतात. हैबतरावांनी घंगाळ आणून बहिरूपुढे ठेवले. आत कोपर बुडवले – नांगर धरणाऱ्याचे कोपर, त्याला काय कळणार! – आणि पायांवर तांब्या ओतला.

बहिरूने पाय झटकन ओढून घेतला.

"लई ऊन हाय, आबा."

हैबतराव विसणाचे गार पाणी आणायला पळाले. उद्या शुक्रवार, पण टाचणी मी डबीत ठेवून दिली.