हजेरीचं झाड

सोमवार, ३ जून
आज रुजू झाले. ही वही ताईने दिली. पहिल्याच पानावर तिने दटावून लिहिलंय, रोज लिही, आळस करू नकोस. आई गेल्यापासून मला दटावायचं कंत्राट तिच्याकडेच आहे. प्रयोगशाळा लख्ख आहे, माणसं अगदी गोड. इथे बटाट्याच्या रोगट वाणांमधला विषाणू काढून टाकतात. बाटल्या निर्जंतुक करायच्या अवाढव्य यंत्राला सगळे कुकर म्हणतात आणि ते चालवणाऱ्यांना कुकरकाका. दारात एक झाड आहे. सही नाही, शिक्का नाही. त्याच्या पानावर अंगठा दाबायचा, झाली हजेरी. मला हसूच आलं.

गुरुवार, ६ जून
कोंब कापायला शिकले. मोहरीहून बारीक शेंडा काढायचा आणि गोठवणाऱ्या द्रव नायट्रोजनमध्ये सोडायचा. विषाणू जुन्या पेशींत मुरलेला असतो, कोवळ्या टोकापर्यंत पोचलेला नसतो. थंडीने जुनं सगळं मरतं, टोक तेवढं जगतं. त्यातून बाटलीत नवं, निरोगी रोप. आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, म्हणाल्या की जुन्याचा मोह धरला तर रोग राहतोच. जरा जास्तच मन लावून म्हणाल्या.

मंगळवार, ११ जून
रोपाचा रस चोळला की रोग असल्यास डाग पडतात, अशी चाचणीची झाडं असतात. दारातलं झाड त्यातलंच, हे आज कळलं. मग त्यावर आमचे अंगठे कशाला? कुकरकाका नुसते हसले. त्यांच्या खिशात एका मुलीचा फोटो असतो. कोण ते त्यांना माहीत नाही, टाकवत नाही इतकंच, असं म्हणाले. मी फोटो उलटून पाहिला. मागे लिहिलंय, ‘माझ्या बाबांना’.

शुक्रवार, १४ जून
सकाळी ताईचा फोन आला, बोलता बोलता रडू आलं. डोळे पुसून आत गेले, अंगठा दाबला. पानावर पिवळा डाग. मोठ्या बाईंनी टिपून घेतला. नव्या माणसाला होतं असं, म्हणाल्या.

१७ जून
शनिवारी ताईशी बोलले नाही, पान स्वच्छ. काल बोलले, आज दोन डाग. योगायोग म्हणावा तर मन मानत नाही.

१८ जून
मागच्या खोलीत नायट्रोजनची दुसरी टाकी आहे, मोठी. आत उतरायला पायऱ्या आहेत. बटाट्याला पायऱ्या कशाला लागतात?

१९ जून
ताईला रविवारी न्यायला ये म्हटलंय. तोवर तिचा विचार करायचा नाही. अंगठा दाबताना पाढे म्हटले. तरी अख्खं पान पिवळं — बाईंनी माझा हात धरला, सोडेचनात —

२० जून
मागच्या खोलीचं दार बाहेरून लावलंय, मी आत. कुकरकाका टाकीच्या पायऱ्या पुसताहेत. मला भीती वाटते. ताई, तू माझी वेणी घालायचीस, इतकी घट्ट की डोळे ताणायचे. हे लिहून ठेवते. निदान हे तरी —

सोमवार, २४ जून
आज रुजू झाले. प्रयोगशाळा लख्ख आहे, माणसं अगदी गोड. माझं पान हिरवंगार निघालं, मोठ्या बाईंनी पाठ थोपटली. टेबलात ही वही सापडली. आधीची बाई भित्री असावी, पानोपानी ताई ताई केलंय. अक्षर मात्र माझ्यासारखंच आहे. फाटकाशी कालपासून एक बाई उभी आहे म्हणे. मी गेले तर मला धरून रडली. मग काही न विचारता माझी वेणी सोडली आणि पुन्हा घातली, घट्ट. डोळे ताणले गेले. माझ्या ओळखीची नाही ती. तरी डोळ्यांतलं पाणी थांबत नाही, आणि मोठ्या बाई पानावर पुन्हा अंगठा दाबायला बोलावताहेत, मी आले म्हटलंय, पण माझे पाय फाटकाकडे —