स्वर्गवासी बहिणीच्या स्मरणार्थ

सुरत, १२ एप्रिल १९७१

प्रिय शोभाताईस,

सगुणाचा प्रभूच्या नावात सलाम. भाऊजींना सलाम सांग असं लिहीत होते, पण ते तुला सांगता येणार नाही. अलकाला मनातल्या मनात माझा आशीर्वाद दे.

काल ईस्टर झाला. पहाटे आम्ही अंगणात गाणी म्हटली, मग डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांना शेवया दिल्या. माझी तब्येत ठीक आहे. उजव्या हाताची दोन बोटं वळलेली आहेत ती तशीच राहणार, तेव्हा अक्षर समजून घे. ऊन फार वाढलंय. चलथाणच्या कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या दिवसभर फाटकावरून जातात आणि आमच्या बायका खाली पडलेली कांडकी वेचून आणतात.

तुमचं महिला मंडळ येऊन गेल्याला पंधरा दिवस झाले. त्याबद्दल लिहायला चारदा बसले आणि चारदा उठले.

ईस्टरआधीच्या दर उपवासकाळात तुम्ही अनाथालयात जायच्या. यंदा मालतीबाईंनी महारोग्यांचा हा दवाखाना निवडला. त्या मंडळाच्या अध्यक्ष, त्यांच्यापुढे तुझं काय चालणार? आठ वर्षांपूर्वी तूच मला या फाटकात सोडून गेलीस, त्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदा आत आलीस. अंगानं सुटलीस गं. चष्मा लागला. आम्हाला दोन रांगांत बसवलं होतं. मी पहिल्या रांगेत, कडेला होते. दुसरं बोलणं तुझंच होतं.

वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची बायबलातली गोष्ट सांगितलीस. म्हणालीस, "त्यानं लांबून नाणं नाही फेकलं. तो जवळ गेला, त्यानं जखम बांधली. जवळ जाणं हीच दया." माझ्या शेजारची धुरपदाबाई रडायला लागली. ती नंदुरबारकडची. तिला तुझी मराठी निम्मी कळली असेल, तरी रडली. मीही तुझ्याकडे बघत होते. वाटलं, आता ही खाली उतरेल आणि माझ्याकडे येईल.

तू आलीस. टोपली घेऊन. आणि संत्रं माझ्या ओंजळीत वीतभर वरून सोडलंस. माझा हात नीट मिटत नाही. ते घरंगळलं. तू पदर सावरलास आणि पुढच्या बाईकडे गेलीस.

मालतीबाईंनी तेवढ्यात सगळ्यांना सांगितलं, "ही फळं शोभाबाईंकडून आहेत. त्यांची धाकटी बहीण तरुणपणी तापानं गेली. तिच्या नावानं त्या दरवर्षी उपवासकाळात फळं वाटतात."

धुरपदाबाईनं ते संत्रं उचलून, पदराला पुसून माझ्या हातात दिलं. मी ते खाल्लं, ताई. माझ्याच नावानं वाटलेलं फळ होतं.

मग मालतीबाई माझ्याजवळ वाकून म्हणाल्या, "तुमचं सुरतेत कोणी आहे का हो, बाई?" तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. दिवसभरात तेवढंच. मी म्हटलं, "कोणी नाही." तुझा जीव भांड्यात पडला, ते मला दिसलं. तुला वाटलं असेल, सगुणानं सांभाळून घेतलं. तसं नव्हतं. मला त्या क्षणी तुझी बहीण म्हणवून घ्यायची लाज वाटली.

अलकाचं लग्न ठरलंय हे तुमच्यातल्याच कुणाच्या तरी बोलण्यात आलं. व्याऱ्याच्या मास्तरांचा मुलगा. तुझी अडचण कळते मला. मुलाकडच्यांना कळलं की मुलीच्या मावशीला महारोग, तर ते मागे सरतील. पण मी बरी झाल्याचं डॉक्टरांनी तुला दोनदा कळवलं होतं. घरी न्या म्हणाले होते. तू एक ओळही लिहिली नाहीस. आणि मला मारलंस ते अलका लहान असतानाच, तेव्हा कुठलं आलं होतं लग्न?

आता मी काय केलं तेही सांगते. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी त्या व्याऱ्याच्या मास्तरांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. माझं नाव, तुझं नाव, आईबापांचं नाव. चार दिवस ते उशीखाली ठेवलं. गुरुवारी धुरपदाबाईनं विचारलं, "कोनले लिखी ऱ्हायनी व बहीन?" मी तिला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "त्या पोरनं काय चुकनं?"

त्या बाईनं आजवर कुणापुढे दयेवर भाषण केलेलं नाही. तिला वाचताही येत नाही. पत्र मी चुलीत घातलं. ते अलकासाठी, तुझ्यासाठी नाही, हे पक्कं समज.

एक गोष्ट मघाशी लिहायची टाळली. "कोणी नाही" म्हटल्यावर मालतीबाई माझी समजूत घालत होत्या. म्हणाल्या, "असं म्हणू नये हो. आमच्या शोभाबाईच बघा. बहीण गेली, गेल्या नाताळाआधी आईही प्रभूकडे गेली, तरी कशा उभ्या आहेत."

आई गेली हे मला असं कळलं. परक्या बाईकडून, तू चार हातांवर उभी असताना. नाताळात मी तिच्यासाठी लोकरीची टोपी विणली होती आणि तुझ्या पत्त्यावर पाठवली होती. तिनं शेवटी माझं नाव घेतलं का? की तिलाही तू मी मेले म्हणूनच सांगितलं होतंस?

उद्या मी इथून जाते. धुरपदाबाईही बरी झाली. तिचा मुलगा लोटू उधन्याला मागावर काम करतो, तो तिला न्यायला आलाय. ती मला म्हणाली, "तू बी चाल मना घर." लोटूनं माझी पेटी उचलून त्यांच्या सामानाशेजारी ठेवली, काही विचारलं नाही. हे पत्र त्याच्याच हाती देते. तो ते तुझ्याशिवाय कुणाला देणार नाही.

उधना तुझ्या घरापासून लांब नाही. मी तुझ्या दारात येणार नाही. अलकाच्या लग्नातही नाही. पण रविवारी आपल्या प्रभूच्या देवळात येईन, प्रभुभोजनाची भाकरी घ्यायलाही बसेन. कुणी नाव विचारलं तर खरं सांगेन, कुणाची कोण ते सांगणार नाही. तू तिथं मला ओळख दाखवावीस की नाही, ते तुझं तू बघ.

तुझ्यासाठी प्रार्थना करते, असं शेवटी लिहायची रीत आहे. अजून ते खरं नाही. खरं होईल तेव्हा कळवीन.

तुझी धाकटी बहीण,
सगुणा