आत्ये, मेंढा कुणी न्हेला?

प्रिय हौसाआत्या,

तू म्हणशील, "मुडद्या, जित्ती हुते तवा एका हाकेला कधी ओ दिली न्हाईस, आन् आता पत्र लिवतोस व्हय?" तुला वाचाय येत न्हाय हे मला म्हाईत हाय. पर वर कुणी ना कुणी शिकलेलं माणूस घावंलच की. त्याच्याकडनं वाचून घे. फकस्त त्याला म्हणावं, मधी थांबू नगं.

कारण असं, का आपली मेंढ्याची गोष्ट छापून आली! बारामतीच्या दिवाळी अंकात, माझ्या नावासकट. आन् काल ती तुझ्या टोळीला कांद्याच्या रानात वाचून दावली, पार शेवटापातूर. मेंढा कुणी न्हेला हे तू टोळीतल्या हिराबाईच्या कानात सांगून ठेवलं हुतंस ना? ते बी काल उघडं झालं. तू बरुबर का मी, ते सांगतो. पर आत्ताच न्हाय. बांध येऊ दे.

आठवतं का गं, बारावीला मी दुसऱ्यांदा आपटलो तवा तुझं भाऊ, आमचं दादा, काय म्हणालं? "ह्याला हौसीच्या टोळीत खुरपायला धाडा. बायांत बसला म्हंजी लाज वाटंल." बाप्या माणूस आन् खुरपायला! निमगावच्या पारावरची म्हातारी सुदिक खोकायचं सोडून हसली. पर लाज वाटली कुणाला? मला न्हाय, तुलाच वाटली! एवढी मोठी तुझी टोळी, इंदापूरपातूर तिचं नाव, आन् भाच्याची खुरपायची वळ, त्याची पात, सगळ्यांच्या मागं. बाया बांधाला पोचून, पानी पिऊन, मिसरी लावून बसायच्या, आन् मी आपला वावराच्या मधी, गवत ठिवून कांदा उपटत.

"आरं, ह्यो कांदा हाय का हराळी?" तू इचारलंस.

"लहानपणी समदीच सारखी दिसत्यात, आत्ये."

तू खुरप्याचा दांडा पाठीत घातलास. पर पदर तोंडाला लावून हसलीस, ते म्या बगितलं हुतं.

ज्याची पात मागं पडती त्याला बाकीच्यांनी मागं येऊन हात द्यायचा, ही खुरपणीची रीतच हाय. पर रोज कोण देणार? हिराबाई तर फटकळच. ती म्हणाली, "आक्का, ह्याची बी पात आमीच काढायची, तर ह्यो काय करणार? आमाला नाचून दावणार का?"

तू म्हणालीस, "गोष्टी सांगंल की. त्याला खोटं बोलाय लई झ्याक येतं."

ते कशावनं म्हणालीस, ते टोळीतल्या सगळ्या बायांना ठाव हुतं. शूटिंगचं! आहाहा! मीच उठवलं हुतं, का निमगावात पिच्चरचं शूटिंग हाय, गर्दीत उभं राहायला बाया पायजेत, नऊवारी आन् नथ असंल तिनंच यावं. आख्खी आळी एसटी स्टँडवर जाऊन उभी! हिराबाई तर नथीच्या वजनानं वाकडी झाली हुती. आन् तू भर उन्हात त्या गर्दीकडं बगून शांतपणी म्हणालीस, "एवढं समदं गाव आलं, मंग ज्यानं बातमी आणली त्योच कसा न्हाय आला बगाय?" तितनं थेट आमच्या माळ्यावर, आन् माझा कान तुझ्या हातात.

कान सोडताना काय बोलली हुतीस? "खोटं म्हणून सांगितलंस तर मार खाशील. गोष्ट म्हणून सांगितलंस तर लोक च्या पाजतील. ठरीव तुझं तू."

आता हे लोक मला इचारत्यात, का बाबा तू लेखक कसा झालास. काय सांगू? कान धरला म्हणून झालो!

पर कुठली गोष्ट सांगायची, हे काय पयल्या दिवशी कळलं न्हाय. पयली म्या भुताची सांगितली. झकास रंगली. एवढी रंगली, का बाया एकमेकींला खेटून बसल्या, खुरपी हातात तशीच. दुपारी झुडपामागं जायाचं तरी चौघी चौघी मिळून. तू वराडलीस, "मुकादमीण मी हाय का तुझं भूत? बंद कर त्याला!"

मंग म्हणलं, आपुन परेमाची सांगू. ती म्या चांगली कागदावर लिवून आणली हुती. चांदणं, गुलाब, आन् खिडकीत उभी ऱ्हाऊन वाट बगणारी पोरगी. तुमी जरा ऐकून घेतलं. मंग हिराबाई म्हणाली, "का रं, दिसभर खिडकीत उभी ऱ्हाती, तिच्या घरी पानी कोण भरतं?" दुसरी म्हणाली, "तिला सासूच न्हाय का?" आन् तिसरी म्हणाली, "त्यो गडी रोज गुलाब आणतोय, म्हंजी कामधंदा न्हाय वाटतं." झालं! माझं परेम तितंच सुकलं. तीच गोष्ट म्या बारामतीच्या संपादकांकडं बी धाडली हुती. त्येंनी परत पाठवून खाली एकच वळ लिवली: छान आहे, पण ही मुलगी तुम्ही कधी पाहिली आहे का?

आता खरं सांगायचं तर न्हवती बगितली. निमगावात कुणाला खिडकीत उभं राहाय सवड असती?

रडकी बी एक सांगून बगितली. तू म्हणालीस, "रडाय आमाला कांदा हाय. तू कशाला?"

आन् मंग त्यो दिवस. म्या एका गावातल्या हरवलेल्या नथीची गोष्ट धरली हुती. लग्नघरातनं नथ गेली, घरात पाव्हणं भरल्यालं, आन् कुणी न्हेली ते कळंना. वावराच्या मधीच माझा घसा सुकला. म्या म्हणलं, "म्होरलं बांधावर. पानी पिल्याबिगर बोलाय येत न्हाय." आन् आत्ये, काय झालं तुला आठवतंय का? बायांनी माना खाली घातल्या आन् जी खुरपी सुटली! माती उडाया लागली. कधी न्हवं ते हिराबाई सगळ्यांच्या म्होरं. रानाचं मालक तात्या बांधावर बसलं हुतं, त्ये उठून उभं ऱ्हायलं. त्येंना वाटलं, साप निघाला.

त्या दिवशी वावर ऊन उतरायच्या आत उरकलं. तात्या म्हणालं, "हौसाबाई, ह्या पोराला उद्या बी आणा. खुरपाय न्हाय आला तरी चालंल."

जाताना रस्त्यात तू मला जे सांगितलंस, ते कुठल्या कॉलेजात सांगत न्हाईत. "गोष्ट सांगताना बायांच्या तोंडाकडं बगू नगं. तोंड काय, पाव्हण्याम्होरं बी हसतं. हाताकडं बग. गोष्ट लागली का हात पळत्यात. पसरली का थांबत्यात."

तितनं म्या हातच बगत आलो. कुठं खुरपी मंद झाली, तितं माझी गोष्ट ढिली. कुठं एखादीचा हात हवेतच ऱ्हायला, तितं नेम बरुबर बसला. मला कळलं, का आपुन भुताचं न्हाय, गुलाबाचं न्हाय, रडायचं तर न्हायच न्हाय. आपलं काम, लोकांना एकीकडं बगाय लावायचं आन् दुसरीकडनं काढायचं. म्हंजी खोडीच की! लहानपणापास्नं तीच तर करत आलो, फकस्त आता मार बसत न्हवता. आन् ऐकणारं माणूस कुणी पुण्याचं न्हाय. वाकून बसल्यालं, हातात खुरपं, आन् बांध गाठायची घाई असल्यालं. त्येच माझं.

पर एकच माणूस मला गावंना. तू! सगळ्या बाया बांधापातूर तरफडायच्या, आन् तू वावराच्या मधीच मान वर न करता म्हणायचीस, "वरमाईनं न्हेली." बरुबर! दुसऱ्या गोष्टीला, "मास्तर." बरुबर! माझं तोंड उतरायचं. बाया तुझ्यावर खवळायच्या, "आक्का, तुमी गप बसा की!" आन् तू मला चिडवायचीस, "ज्या दिशी मला वळखाय येणार न्हाय ना राजा, त्या दिशी तू लेखक. तवर तू खुरपणारा."

तेवढ्यासाठी मेंढ्याची गोष्ट लिवली, आत्ये. छापायसाठी न्हाय. तुला हरवायसाठी!

उन्हाळाभर ती घडवली. जत्रेत टकरीला उतरायचा मेंढा, आख्ख्या गावाची त्याच्यावर भिस्त, आन् टकरीच्या आदल्या दिशी मेंढा गायब. मालकाचा जावई मेंढ्यावर डोळा ठिवून. शेजारच्या गावचा गडी दावा धरून. आन् मालकाची म्हातारी आई तर सगळ्यांत म्होरं, गावभर बोंब मारत मेंढा हुडकणारी. कुणी न्हेला?

तवर तू बारामतीच्या दवाखान्यात. हिराबाई तुझ्या उशाशी. मी निमगावासनं एसटीनं आलो, दुपारच्या येळी, कागदं घेऊन. तुझं हात पांघरुणावर पडल्यालं. म्या वाचाय सुरू केलं आन् सवयीनं हाताकडंच बगत हुतो. जावई रातच्याला मेंढ्याच्या खोपटाकडं गेला तितं तुझी बोटं हलली. चादर मुठीत धरलीस! शेजारच्या खाटंवरची बाई सुदिक सलाईनसकट वळून बसली हुती.

शेवटचं पान ऱ्हायलं, आन् तू म्हणालीस, "थांब. बांध आला."

"आत्ये, एकच पान हाय. वाचू दे की."

"नगं. छापून आल्यावर वाच. रानात. शेवट बाकी असला का माणसाला घरी यायचं कारण ऱ्हातं."

मंग हिराबाईला जवळ वढून कानात पुटपुटलीस. म्या इचारलं, "कुणाचं नाव घेतलंस?" तर म्हणालीस, "माझं बी बांधावरच."

आन् आलीस का माघारी? शेवट बाकी ठिवून गेलीस! हे बरं हाय का गं? आख्ख्या टोळीत घाई न करणारी एक तू, आन् जायाची तेवढी घाई केलीस. मी जबरदस्तीनं वाचायला पायजे हुतं का? कवा कवा तसं वाटतं. पर तुझ्याम्होरं जबरदस्ती कुणी केलीय आजवर?

आता काल काय झालं ते ऐक. तात्याचंच रान, तोच कांदा. बायांनी पाती धरल्या, आन् मधली पात मोकळीच ठिवली. कुणी सांगितलं न्हवतं. मी अंक घेऊन पातींच्या म्होरं उलटा चालत वाचत हुतो, दोनदा पाटात पडलो. छापील गोष्ट लागंल का न्हाय ह्याचीच मला धास्ती. छापलं का जरा शाणं झाल्यागत वाटतं ना! पर हात पळत हुतं, आत्ये! शप्पत!

शेवटच्या पानाला म्या अंक मिटला. "म्होरलं बांधावर."

बांधावर कुणी पानी सुदिक पिलं न्हाय. हिराबाई म्हणाली, "आदी आक्कांचं ऐका. आक्कांनी सांगितलं हुतं, मेंढा जावयानं न्हेला."

एकजण म्हणाली, "म्हंजी झालंच की. आक्का चुकत न्हाईत."

म्या वाचलं. टकरीची येळ टळली, मंग मेंढा उसातनं आपल्या पायानं घरी आला. आन् मालकाची नजर आईच्या हातावर गेली. दोनी हातांवर उसाच्या पानांनी ओरबाडल्यालं, त्यावर तिनं गुपचूप तेल लावल्यालं. म्हातारीनंच न्हेला हुता! बाटलीनं दूध पाजून वाढवल्यालं लेकरू, टकरीत त्याची शिंगं फुटायची तिला बगवणार न्हवती. आन् समदं गाव तोंडाकडं बगत ऱ्हायलं. हाताकडं कुणीच बगितलं न्हाय!

"आगं बया! म्हातारीनं?" "आन् वर बोंब बी तीच मारत हुती!" एकच कालवा उठला. मंग हिराबाई म्हणाली, "गोष्टीतल्या म्हातारीच्या कमरंला खुरपं खोवल्यालं, गालात मिसरी, सगळ्यांना राजा म्हणती... आरं संत्या, ही तर आपली आक्काच हाय!"

व्हय आत्ये. तूच हाईस. पयल्या पानापास्नं तूच हुतीस. तू वरमाई वळखलीस, मास्तर वळखलास, समद्या जगाचं चोर वळखलंस. फकस्त स्वतःला वळखलं न्हाईस!

हरलीस! बांधावर उभा ऱ्हाऊन मी वराडलो, "हरली! आत्या हरली!" बाया हसत हुत्या आन् पदरानं डोळं पुसत हुत्या. कांदा काय तवा कुणी चिरत न्हवतं.

फकस्त एक गोष्ट मनात सलती. हिराबाई जाताना म्हणाली, "जावयाचं नाव सांगताना आक्का पदर तोंडाला लावून हसत हुत्या." असं का गं हसलीस? मला लेखक करायसाठी मुद्दाम हरलीस का काय? खोडी कुणी कुणाची काढली, आत्ये? जाऊ दे, सांगू नगंस. ह्यो शेवट तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. मी घरी आलो म्हंजी इचारीन.

तवर माझा शबूद घे. कुठल्या बी अंकात छापून येऊ दे, माझी हरएक गोष्ट पयली तुझ्या टोळीला रानातच वाचीन, आन् बांध आल्याबिगर शेवट सांगणार न्हाय. वाचून झाल्यावर तुझी मोकळी पात मी सोता काढीन. काल काढली. वाकडीतिकडी झाली, चार कांदं बी गेलं, तात्या शिव्या देत हुतं. पर काढली, पार बांधापातूर.

तुझाच,
लेखक (आन् आजून खुरपणारा) भाचा
संत्या