तिघांची एकच अडचण

७ फेब्रुवारी ८८, रविवार
सकाळी पुन्हा मीटिंग. सुनंदा, माही सून, गणिताची प्राध्यापिका; कॉलेजनं कॉम्प्युटर शिकवाले लावली. दुसऱ्या कॉलेजांतले भोयर सर अन् राऊत बाई, त्यायचंही तसंच. एकमेकांच्या अडचणी सोडवाले आमच्या बाहेरच्या खोलीत जमतात. दोन तास काय झालं? जो तो म्हणे, "आमच्याकडे सगळं व्यवस्थित." चिवडा तेवढा संपला.
राऊत बाई कप ठेवाले आत आली अन् हळूच बोलली. पोरं टाइप करतात, मशीन बंद केली की सगळं पुसून जाते. फ्लॉपीत साठवाचं कसं, येत नाही. सांगू नका म्हणे, आजी.

१० फेब्रु., बुधवार
सुनंदा जेवली नाही. २५ ले प्रॅक्टिकल, बाहेरचा परीक्षक येणार. पोरांचं साठवलेलं काम दाखवा लागते. एक ओळ साठली नाही. राऊत बाईले विचार म्हटलं.
"तिचं सगळं व्यवस्थित आहे, आई. मी काहून हसं करून घेऊ?"
पुढं जीभ आवरली. शब्द दिला होता.

१४ फेब्रु., रविवार
आज भोयर सर. हात धुवाले मोरीवर आले. पांढऱ्या केसाचा माणूस, टॉवेल धरून उभा. तेच रडगाणं, तेच सांगू नका.
मीच गेली बाहेर अन् सांगून टाकलं. "तिघांची अडचण एकच आहे. माह्या स्वयंपाकाच्या ओट्याले माहीत, तुम्हाले नाही."
सर चप्पल घालून निघाले. राऊत बाई रडली. शिकलेल्यायची लाज लई मोठी.

१७ फेब्रु.
सुनंदा बोलत नाही. भाजी अळणी. मुकाट्यानं खाल्ली. माफी मागणार नाही. पण रविवारी कोणी आलंच नाही तर...

२१ फेब्रु., रविवार
राऊत बाई आली. दहाले भोयर सरही. माह्याकडे पाहिलं नाही.
सुनंदाच बोलली, "सर, मला साठवता येत नाही. तुम्हाला येतं का?"
सरानं पिशवी उघडली. मग सर म्हणे, "नाही. पुस्तक आणलं आहे."
मशीनचं पुस्तक. पानं अजून चिकटलेली. तिघं डोकं घालून बसले, चहा कोणी मागितला नाही. बाराले काहीतरी सापडलं. पण करून पाहाले मशीन कॉलेजात कुलपात, किल्ली सुनंदाच्या प्रिन्सिपलजवळ, त्याच्या घरी सक्करदऱ्याले. तो विचारणारच, रविवारी काहून?
भोयर सर उठले. "मीही येतो. कोणालाच येत नाही, असंच सांगू."
तिघं ऑटोनं गेले. तीन वाजले, अजून आले नाहीत. पोहे झाकून ठेवले आहेत.