मोदक कमिटीपेक्षा डीएनएस बरं

१० ऑगस्ट, रविवार
इथल्या मराठी मंडळाची मीटिंग. कृष्णकांतराव नवा फोन मिरवत आले. एअर फोर्समधून रिटायर होऊन जमाना झाला, आवाज अजून परेडचाच. म्हणाले, फोनवर मंडळाची ई-मेल लावायला बसलो तर सर्व्हरचं नाव विचारतो, पोर्ट विचारतो, आता फक्त गोत्र विचारायचं राहिलंय. सगळे फिदीफिदी हसले आणि माझ्याकडे वळले. मंडळाची मेल माझ्याकडे. आधी आमच्या ह्यांच्याकडे होती. हे गेल्यावर कुणी काही बोलायच्या आत मीच घेऊन टाकली.
उभी राहिले नि ठोकून दिलं, की गणपतीच्या आत नुसता ई-मेलचा पत्ता नि पासवर्ड टाकायचा, बाकी सगळं फोन आपलं आपण शोधेल. टाळ्या. कृष्णकांतरावांनी विचारलं, आणि वहिनी, नाही शोधलं तर? म्हटलं, तर मेल तुमच्याकडे आणि मी मोदक कमिटीत.
हे शेवटचं बोलायला नको होतं. मोदक कमिटी म्हणजे शशिकलाताईंच्या हाताखाली तीनशे माणसांचे उकडीचे मोदक, चंदीगडच्या ऑगस्टात, हॉलच्या त्या भट्टीसारख्या किचनमध्ये. मेलचं निमित्त सांगून आजवर सुटत आलेय.
पण घाबरायचं काय त्यात. होतंय.

११ ऑगस्ट
संकल्प: रोज सकाळी चहानंतर एक तास डीएनएस.
नेत्राला पुण्याला फोन केला. म्हणाली, आई, डीएनएस म्हणजे आपल्या गावच्या एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी समज. फोन तिथं जाऊन विचारतो, इथले ऑटोडिस्कव्हर कुठं राहतात? खिडकीनं जो पत्ता सांगितला तिथं जाऊन तो मेलची सगळी माहिती घेऊन येतो. आपण फक्त खिडकीवर पत्ता लिहून ठेवायचा. त्यालाच रेकॉर्ड म्हणायचं.
एवढंच? गावच्या शाळेत फळ्यावर सुविचार मीच लिहायचे. अक्षर बघायला इन्स्पेक्टर थांबायचे.
मंडळाचं डोमेन ज्या कंपनीकडे आहे, तिच्या साइटवर ही खिडकी, म्हणजे पॅनल. उघडलं. बघितलं. बंद केलं. सुरुवात चांगली झाली.

१२ ऑगस्ट
रेकॉर्ड टाकलं! पत्त्याच्या जागी मंडळाच्या वेबसाइटचा पत्ता दिला. मंडळाचं काम, मंडळाचाच पत्ता, दुसऱ्याचा कशाला?
टीटीएल म्हणून एक रकाना होता. नेत्रा म्हणाली, खिडकीनं सांगितलेलं लोकांनी किती वेळ लक्षात ठेवायचं ते त्यात टाकतात, थोडकंच ठेव. थोडकं का म्हणून? सगळ्यात मोठा आकडा टाकला. एकदा ऐकलं की आठवडाभर विसरायचं नाही. टिकाऊ काम.
नेत्रा आणखी काहीतरी सांगत होती. कुकरची शिट्टी झाली.

१४ ऑगस्ट
गणपती यायच्या आधी घर झाडतात, मग पॅनल का नको? ह्यांनी तिथं काय काय कोंबून ठेवलेलं! एमएक्स नावाच्या दोन ओळी, एकीला दहा नंबर, एकीला वीस. खाली काहीतरी गिचमिड. ह्यांची सवयच ती. गॅलरीत बंद पडलेले ट्रान्झिस्टर ठेवलेत, तसंच हे. सगळं काढून टाकलं. आता माझं एकच रेकॉर्ड कसं चकाचक दिसतंय.
माझ्या जीमेलवरून ह्यांच्या मंडळाच्या जुन्या पत्त्यावर टेस्ट मेल टाकली. ‘पोचलं का?’ मेल परत आली. जिवंतपणी तरी कुठं वेळेवर उत्तर द्यायचे.
ग्रुपवर शिस्त जाहीर केली. तक्रारीसाठी फोन करायचा नाही. मंडळाच्या ‘मदत’ पत्त्यावर मेल करायची.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. ‘मदत’मध्ये तक्रारी: एकही नाही.
कृष्णकांतराव जिलेबी खाता खाता म्हणाले, वहिनी, मी दोनदा लिहिलंय. म्हटलं, मी सकाळीच बघितलं, काही नाही. वय झालं बिचाऱ्यांचं.

१८ ऑगस्ट, सोमवार
अजून एकही तक्रार नाही! बँकेच्या जाहिरातीसुद्धा बंद. रेकॉर्ड इतकं जोरदार लागलंय की कचरापण साफ.
ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी आज फोनवर मेल लावून बघा. नाही झाली तर ‘मदत’ला कळवा. संध्याकाळपर्यंत कुणीही कळवलं नाही. सगळ्यांची झाली म्हणायची.
भाषण लिहायला घेतलं.

१९ ऑगस्ट
शैलजा भाजी घ्यायला भेटली. मैत्रीण असून तिरकस. म्हणाली, तुझी मेल फारच छान लागली हो, आठवडाभर एक मेल नाही, किती शांत वाटतंय. वर म्हणे, फोन पोर्ट विचारायचा तो विचारतोच. म्हटलं, तुझा फोनच जुना.
घरी आले तर हॉलवाल्या भुल्लरजींचा फोन. आंटीजी, बुकिंग पक्कं करायचा कागद तीनदा मेल केला, तिन्ही वेळा परत आला. उद्या दुपारपर्यंत हो म्हणा, नाहीतर मुंडनवाली पार्टी तयार आहे. म्हटलं, तुमचा कॉम्प्युटर दाखवून घ्या.
फोन ठेवल्यावर डोमेनवाल्या कंपनीचा नंबर शोधून ठेवला. असावा जवळ.

२० ऑगस्ट
डोमेनवाल्या कंपनीला फोन. मनदीप नावाची मुलगी होती, इथल्याच शेजारच्या खरड गावची. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, आंटीजी, एमएक्स किथे गया?
एमएक्स म्हणजे म्हणे आलेली मेल कुठं टाकायची ते सांगणारं रेकॉर्ड. मेल लावायची सोय करता करता मी मेल यायची वाटच उखडून टाकली होती. आणि माझं चकाचक रेकॉर्ड मेलच्या सर्व्हरऐवजी वेबसाइटकडे पाठवत होतं. म्हणजे फोन बिचारा माहिती मागायला जायचा आणि त्याला कृष्णकांतरावांचा लेझीमचा फोटो दिसायचा.
तिनं सगळं नीट केलं. मग टीटीएल बघून म्हणाली, हाय रब्बा, हा आकडा कुणी टाकला? ज्यांनी सोमवारी लावून बघितलं, त्यांना पुढच्या सोमवारपर्यंत चुकीचाच पत्ता मिळणार.
म्हटलं, हमारे पहलेवाले साहब ने डाला था.
सॉरी हो. पण तुम्ही काय भांडायला येणारे.
चिवड्याचा डबा घेऊन रिक्षानं भुल्लरजींकडे. हॉल मिळाला. ग्रुपवर टाकलं की पर्सनल रिलेशनला तोड नाही.

२३ ऑगस्ट
उद्या मीटिंग. पत्ता विसरायला सोमवार लागतो, आणि मीटिंग रविवारी. कृष्णकांतरावांना फोन केला, मीटिंग मंगळवारी ठेवू या, तब्येत बरी नाही. म्हणाले, वहिनी, आत्ताच तुम्हाला पार्कमध्ये गोलगप्पे खाताना बघितलं.
हरकत नाही. यंत्रं कधीकधी लवकर विसरतात. माणसासारखी.

२४ ऑगस्ट, रविवार
नाही विसरली.
सगळ्यांसमोर कृष्णकांतरावांनी पत्ता टाकला, पासवर्ड टाकला. फोननं पोर्ट विचारला. शशिकलाताईंनी तिथल्या तिथं एप्रनसाठी माझं माप विचारलं.

२५ ऑगस्ट, सोमवार, रात्री
जेवल्यावर सहज ह्यांचा जुना फोन चार्ज केला. ह्यांचा पत्ता, ह्यांचा पासवर्ड. बाकी काही नाही. एक चक्र फिरलं आणि फोननं सगळं आपलं आपण शोधलं. पोर्ट नाही, काही नाही.
माझ्या जीमेलवरून परत टाकली. ‘पोचलं का?’
ह्यांचा फोन टिंग वाजला. पोचलं. उगाच थोडा वेळ बघत बसले.
मग माझा फोन वाजला. मंडळाच्या मेलवर कृष्णकांतरावांचं पत्र, नवे मेल प्रमुख म्हणून पहिलंच. माझापण फोन लागला वहिनी, काय सुंदर काम केलंत, अभिनंदन. उद्या सकाळी सातला किचनमध्ये हजर राहावे, खोबरं खवायचं आहे. मेल मिळाल्याचं कळवावे.
मिळाली नाही म्हणायची सोय मीच काढून टाकलीय.
कळवलं.
तशी शशिकलाताईंची पद्धत फार जुनीच आहे. उद्या गेल्या गेल्या आधी त्यांचं मसाल्याचं कपाट आवरते. नको ती अडगळ काढली की मोदक आपोआप होतील.