‘हाक’ कोणीही वाजवू नये

मी, प्रांजल दादासो विरकर, वय २७, शिक्षण बी.एस्सी., घरातली पहिली पदवीधर, व्यवसाय खासगी शिकवणी व बास गिटारवादन, मूळची म्हसवडजवळच्या वाडीची, सध्या मुक्काम मिरजेतले एक रुग्णालय, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल असा दाखला कोणी दिला नाही. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला राग आहे. पण राग म्हणजे दबाव नव्हे, असे माझ्या वकील राजेश्वरीताई यांनी सांगितले आहे. मी वाचले तर हा कागद कपाटात राहील. न वाचल्यास पुढीलप्रमाणे व्हावे.

१. माझी पुस्तके वाडीच्या शाळेला द्यावीत. कपडे आईने ज्याला द्यायचे त्याला द्यावेत. स्टेजवरचे चंदेरी जाकीट जाळावे.

२. माझी बास गिटार मिरजेतल्या एका सतारमेकरकडून मी हट्टाने करून घेतली होती. “भोपळा नको, नुसती फळी द्या म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच बघतोय,” असे ते म्हणाले होते. ती सूरज याला द्यावी. सूरज विट्याचा, आमच्या बँडचा ड्रमर. हल्ली तो कोइमतूरला चुलत्याच्या सोने गाळायच्या दुकानात बसतो. त्याला बास वाजवता येत नाही, तरी त्यालाच द्यावी. कारण कलम ४ मध्ये आहे.

३. ‘तिरपागडं’ हे बँडचे नाव आणि बँडची सगळी गाणी, शब्द व चाली, यांचे हक्क माझे आहेत. हा बँड आम्ही तिघांनी सांगलीत काढला. फंकचा ठेका, प्रोग्रेसिव्ह रॉकची लांबलचक वळणे, आणि मध्येच ठरलेले सगळे सोडून एकमेकांचे ऐकत पुढे जायचे, असे आमचे वाजवणे. मी बास, सूरज ड्रम आणि हलगी, वीरधवल जयराज भोईटे गाणे आणि सोंगे. वीरधवल कधी कागदी लगद्याचे मुंडके घालून यायचा, कधी आरशांचा अंगरखा. एकदा उसाच्या मोळीतून बाहेर आला. तो चांगला होता, हे मी नाकारत नाही. तो गाऊ लागला की माझी बोटे आपोआप चालायची. शहरातले वाद्य आणि आमच्या माळावरचा ठेका एका स्टेजवर बरोबरीने उभे राहतील, कोणी कोणाचे सोंग घेणार नाही, असे मला वाटत होते. अजूनही वाटते.

नावाची नोंदणी माझ्या नावावर झाली, कारण त्या दिवशी वीरधवल मुखवटा रंगवत होता. “कागदाचं तू बघ, मॅडम. तू शिकलेली,” असे तो म्हणाला. तो स्वतः इंजिनिअर, फलटणकडच्या ऊसवाल्या घरातला. मला ‘शिकलेली’ तो चिडवायला म्हणायचा. मी कागद पुरे केले.

४. ‘हाक’ या गाण्याबद्दल.

माझे वडील दादासो, म्हणजे आबा, मेंढरे राखतात. प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी असते आणि कळप आपल्याच धन्याच्या हाकेला वळतो. वीरधवल आमच्या घरी जेवायला आला, तेव्हा त्याने आबांची हाक फोनवर भरून घेतली.

“काय करणार रं त्येचं?” आबांनी विचारले.

“ऱ्हाऊ दे आबा, आठवण. असला आवाज आमच्यात कुणाला हाय?”

आबा हसले. “मेंढरं ऐकत्यात म्हंजी मानसं बी ऐकतील व्हय?”

आबांना ते कौतुक वाटले. त्यांनी होकार दिला तो आठवणीला, स्पीकरला नव्हे.

‘हाक’चा शेवट लांबत जायचा, आणि वीरधवलने त्यात ती भरलेली हाक परत परत वाजेल अशी बसवली. तिथपर्यंत माझी हरकत नव्हती. मग हिवाळ्यात विट्याबाहेर माळावर मोकळ्या जागेतला शो ठरला. जागा वीरधवलने निवडली. हमरस्त्यापलीकडच्या रानात त्या आठवड्यात आबांचा कळप मुक्कामाला होता. हे मला माहीत नव्हते. आबा रोज रान बदलतात. वीरधवलला माहीत होते. त्याने वाडीतल्या पोरांना फोन करून विचारले होते. मेंढरे हाक ऐकून आपोआप स्टेजकडे येतील आणि तो घोंगडे पांघरून त्यांच्यामध्ये उभा राहील, असा त्याचा प्रसंग होता. रस्ता त्याने हिशेबात धरला नव्हता.

दिवस मावळताना स्पीकरमधून आबांची हाक सुटली. मेंढरांनी जाळी पाडली आणि रस्त्यावर आली. आबा मागून धावले आणि त्यांनी हाक मारली. मेंढरांना आता धन्याची हाक दोन्ही बाजूंनी येत होती. ती पुढे येईनात, मागे जाईनात. रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. उसाचा ट्रक आला.

सूरजने काठ्या टाकून स्टेजवरून उडी मारली. त्याच्यामागे मी. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना तो शोचाच भाग वाटला. वीरधवल गात राहिला. स्पीकर शेवटी सूरजने वायर उपटून बंद केला.

नंतर मी विचारले तर वीरधवल म्हणाला, “मला लाइटमुळं पलीकडचं काय दिसत नव्हतं गं.” ते खरे असेलही. पण आठवड्याने त्याने जो व्हिडिओ टाकला त्यात मेंढरे स्टेजकडे निघालेली आहेत, आणि ट्रक यायच्या आधी तो बरोबर कापला आहे. म्हणजे तोवर त्याला दिसले होते. त्या व्हिडिओवरच बँड मोठा झाला. तो टाकला त्याच दिवशी मी बँड सोडला. तो माझ्या जागी दुसऱ्याला उभा करून अजून ‘हाक’ वाजवतो.

आबा तेव्हापासून हाक मारत नाहीत. काठीने वळवतात, पुढे जाऊन आडवे होतात. मी एकदा म्हटले, “आबा, मारा की हाक.” ते म्हणाले, “कुठल्या तोंडानं मारू? माझ्याच हाकंनं मेली ती.”

सबब, ‘हाक’ हे गाणे, पूर्ण किंवा तुकडा, कोणीही, कुठेही वाजवू नये. बाकीची गाणी ज्याला वाजवायची त्याने खुशाल वाजवावीत, विचारायचीही गरज नाही.

५. कलम ३ मधील नाव व हक्क मी आई हरणाबाई हिला देते. वडिलांना देत नाही, आणि त्यात त्यांचा अपमान नाही. वीरधवल पेढे घेऊन दारात आला, “आबा, चुकलं” म्हणाला, की आबा म्हणतील, “जाऊ दे, पोरगं हाय,” आणि अंगठा देतील. आईला मी हे वाचून दाखवले. ती म्हणाली, “त्येला म्हणावं, ये की घरला. कुत्री सोडून ठेवती.” मला अशाच मालकिणीची गरज आहे. नोटिसा कशा पाठवायच्या ते राजेश्वरीताई तिला सांगतील. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

६. माझ्या नावाने शो करू नये. रिकाम्या खुर्चीवर गिटार ठेवू नये. ऑपरेशनची तारीख कळताच वीरधवलने माझा फोटो काळा-पांढरा करून टाकला आणि खाली “आमची प्रांजल” असे लिहिले. मी तेव्हा भेळ खात होते. मी त्याची नाही आणि बँडचीही नाही.

७. वीरधवलला मी काहीही देत नाही. विसरले म्हणून नव्हे.

८. दुसरा साक्षीदार म्हणून मी वीरधवललाच बोलावले आहे. राजेश्वरीताईंनी कपाळाला हात लावला. “अगं, वैऱ्याला कोण साक्षीला घेतं?” साक्षीदाराला मजकूर पटायला लागत नाही. सही मी शुद्धीवर असताना त्याच्यासमोर केली, एवढेच त्याने सांगायचे असते. उद्या हा कागद खोटा आहे म्हणणारा माणूस एकच आहे. म्हणून खाली त्याचीच सही हवी. आपल्याला काहीतरी ठेवले असेल या आशेने तो येईल. आल्यावर मी त्याला हे पहिल्यापासून वाचायला देणार आहे. सही करायची की नाही हे त्याने ठरवावे. न केल्यास वॉर्डातल्या सिस्टर समीक्षा तयार आहेत.

ठिकाण : मिरज
तारीख : १२ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार :
प्रांजल दादासो विरकर (सही)

साक्षीदार :

१. ॲड. राजेश्वरी नाथाजी माळी, सांगली (सही)

२. वीरधवल जयराज भोईटे, फलटण (सही)
सगळं वाचलं. मला मान्य नाही. तिनं माझ्यासमोर सही केली, शुद्धीत होती, हे खरं आहे.