निशिकांतची हजारावी फटाकडी

६ एप्रिल, रविवार

शी! वीस वर्षं ज्याच्या शेजारी उभं राहून दुर्बीण लावली, तो निशिकांत आज धडधडीत खोटं बोलला! तेही आमच्या सगळ्या पक्षीवाल्यांसमोर, बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, तोंडात अर्धा काया टोस्ट असताना.

फेरी झाली, नेहमीचं टेबल धरलं, रुपालीने वही काढली. नियम साधा आहे — नवा पक्षी दिसला की म्हणायचं ‘पाहिला’, आणि सोबत असलेल्याने म्हणायचं ‘खरं आहे’. साक्ष नाही तर नोंद नाही. नियम मीच घालून दिलेला.

अटलांटिकला यातले आम्ही दोघंच गेलो होतो. मी म्हणाले, “पाहिली.” ट्रिस्टानजवळच्या त्या निर्जन बेटावरची फटाकडी — न उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात लहान. निशिकांत लगेच म्हणाला, “खरं आहे.” टाळ्या झाल्या. मग हा पठ्ठ्या तोंड पुसून म्हणतो, “मीही पाहिली. माझा हजारावा पक्षी.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कपात चमचा फिरवत राहिले. कोपी गार झाली. रुपालीने शेवटी पेन खाली ठेवलं.

७ एप्रिल, सोमवार

ऑफिसात लक्ष नाही. लिहूनच काढते एकदाचं.

त्या दिवशी लाटा जरा कमी होत्या म्हणून रबरी होडीतून बेटाच्या किनाऱ्यावर उतरू दिलं. पाऊणच तास! निशिकांत होडीत ओकला, उतरताना ओकला, उतरल्यावर खडकावर बसून प्लास्टिकच्या पिशवीत ओकला. आधीच पेंग्विनांच्या घाणीचा वास, त्यात हा. मी नाक दाबलं. मी दहा पावलं पुढे गेले. उंच गवत हललं, काळपट काहीतरी तुरुतुरु पळालं, आणि मी ओरडले — “पाहिली!” मागे वळून गाइडला हाका मारल्या. तो धावत येईपर्यंत गेली. कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरलेली, फोटो नाही. नसू दे. मी पाहिली.

आणि हा? हा पिशवीत तोंड घालून! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, याच्या तर नुसत्याच उलट्या.

९ एप्रिल, बुधवार

निशिकांतचा फोन.

“साधना, अगं माझ्या बुटापाशी आली होती ती. लाल डोळा होता तिचा.”

लाल डोळा! पुस्तकात पहिल्याच ओळीत लिहिलाय लाल डोळा. खोटं बोल पण रेटून बोल! मग तिथेच का नाही सांगितलंस, बोटीवर का नाही बोललास, असं विचारलं.

“तू इतकी खुशीत होतीस. म्हटलं, हा तुझा दिवस. माझं घरी गेल्यावर सांगू.”

गोड गोड बोलून वर माझ्यावरच उपकार! किळस आली. फोन ठेवला आणि हात धुतले. खरंच धुतले, साबण लावून.

११ एप्रिल, शुक्रवार

चारुदत्त म्हणतो, “तुझं काय जातंय? म्हणून टाक ‘खरं आहे’. खूश होईल बिचारा.”

नवराच असा म्हटल्यावर बोलायचं कुणाशी! माझं काय जातंय म्हणे. हजार पक्ष्यांत एक खोटा घुसला की दुधात मिठाचा खडा. मग माझ्या सहाशे बारा पक्ष्यांवर तरी कोण विश्वास ठेवणार?

१३ एप्रिल, रविवार

सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. “मी साक्ष देणार नाही. निशिकांतने काही पाहिलेलं नाही. तो ओकत होता.”

कुणीतरी हसलं. निशिकांतने हातातला टोस्ट बशीत ठेवला. मग म्हणाला, “साधना म्हणते तर नसेल पाहिली. अंगात ताप होता त्या दिवशी. भास झाला असेल. नको लिहूस, रुपाली.”

भास! निदान थापेवर ठाम तरी राहायचं. तेवढाही कणा नाही या माणसाला.

उठताना माझा कप त्यानेच ट्रेवर ठेवून नेऊन दिला, नेहमीसारखा. मी “थँक यू” म्हटलं नाही.

२० एप्रिल, रविवार

निशिकांत आला नाही. बरंच झालं. तळ्याकाठी पाणकोंबडीची पिल्लं होती, चार. दाखवायला शेजारी वळले, तर कुणी नव्हतं.

२४ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी लेक कादंबरी माझा फोन घेऊन आली. “आई, फोन फुल ऑलरेडी लाह! वन व्हिडिओ सो बिग, व्हाय यू कीप?”

कसला व्हिडिओ? तर त्या बेटावरचा. उतरताना फोन गळ्यातल्या पारदर्शक वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घातला होता. बटण दाबलं गेलेलं, मला पत्ताच नाही. पाऊणच्या पाऊण तास सगळं आलंय, माझ्या छातीच्या उंचीवरून.

कादंबरीला बाहेर पाठवलं आणि बघितला.

गवत हलतं. माझा आवाज — “पाहिली!” मी वळते, फोनही वळतो. पण वळण्याआधी, कोपऱ्यात, गवतातून तो बाहेर येतो. गुबगुबीत, चांगला मोठा, छातीवर ठिपके. कस्तुर! त्या बेटावर पावलोपावली असतात ते. पाच वेळा थांबवून बघितलं. कस्तुरच, फटाकडी नाही.

मग खडक. निशिकांत, हातात पिशवी. आणि त्याच्या डाव्या बुटापाशी मुठीएवढं काळं काहीतरी. थांबतं, मान वर करतं. निशिकांत पिशवी बाजूला करतो, खाली बघतो, श्वास रोखून बसतो. मग माझ्याकडे बघून हळूच हात वर करतो — ये, ये म्हणून. आणि मी गाइडला हाका मारत पाठ फिरवते.

जेवले नाही. चारुदत्तला सांगितलं, पित्त झालंय.

२७ एप्रिल, रविवार

निशिकांत आज आला. लांबूनच मला हात केला. वहीत माझ्या फटाकडीपुढे साक्षीदार म्हणून त्याचंच नाव आहे.

व्हिडिओ मी येताना बसमध्येच पुसून टाकला होता.